पैसे घेतले असतील तर तसं सांगा

श्रोतेहो, नमस्कार. बोलायला सुरुवात करण्याआधी एक सांगते. या भाषणाचं आकाशवाणीचं नेहमीचं मानधन मला मिळेल. त्याखेरीज कुणाकडून पैसे, वस्तू, भेट असं काहीही मी घेतलेलं नाही. हे आधीच सांगायचं कारण माझ्या मोठ्या बहिणीच्या स्वयंपाकघरात आहे.

ताईनं गेल्या वर्षी 22,000 रुपयांची घरघंटी घेतली. मोबाइलवर पदार्थ करून दाखवणाऱ्या एक बाई आहेत, त्यांचं ती रोज बघते. त्या बाईंनी भाजणी दळून दाखवली, पीठ चिमटीत धरून दाखवलं आणि म्हणाल्या, "माझ्या घरी हीच आहे." ताईला तेवढं पुरलं. ज्वारी जराशी सर्द असली की त्या गिरणीची जाळी तुंबते, हे महिनाभरानं कळलं. मी तो व्हिडिओ पुन्हा लावून पाहिला. खाली मजकुराची घडी उलगडली, दहाबारा हॅशटॅग ओलांडले, तेव्हा शेवटी इंग्रजीत बारीक अक्षरात 'कोलॅब' एवढा शब्द सापडला. ताईला विचारलं, याचा अर्थ काय गं? ती म्हणाली, "मला वाटलं त्यांच्या गावाचं नाव असेल." कोलॅब म्हणजे कोलॅबोरेशन, कंपनीशी ठरवून केलेली जाहिरात.

ताई अडाणी नाही. तीस वर्षं तिनं शाळेत शिकवलंय. त्या शब्दाचा अर्थ तिला कळावा अशी कुणाची इच्छाच नव्हती, एवढंच.

हे मी खात्रीनं म्हणते, कारण मीही पाककृती लिहिते आणि मलाही असे फोन येतात. एका मसालेवाल्या कंपनीचा माणूस मला म्हणाला, "मॅडम, दोनच वाक्यं घाला, पण जाहिरात वाटायला नको, ऑरगॅनिक वाटलं पाहिजे." ऑरगॅनिक म्हणजे सहज, मनापासून आल्यासारखं. मी म्हटलं, खाली 'जाहिरात' असं लिहीन. त्यानंतर त्यांचा फोन आला नाही. म्हणजे त्यांना माझ्या मसाल्याच्या जाणकारीची किंमत द्यायची नव्हती. वाचणाऱ्यांचा माझ्यावर जो विश्वास आहे तो त्यांना विकत हवा होता, आणि तो माझ्या मालकीचा नाही.

आपल्या रेडिओची जुनी रीत आठवा. 1952 मध्ये रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. बिनाका ही टूथपेस्ट. पैसे कोण देतंय ते कार्यक्रमाच्या नावातच होतं, आणि म्हणून त्याचे निवेदक अमीन सयानी यांच्यावरचं कुणाचं प्रेम कमी झालं नाही. 1967 मध्ये विविध भारतीच्या मुंबई, पुणे, नागपूर केंद्रांवर जाहिराती आल्या, आणि पुढे 'प्रायोजित कार्यक्रम' हा शब्द घराघरांत रुळला. उघड सांगून घेतलेल्या पैशाला आपल्याकडे कुणी नावं ठेवली नाहीत.

लपवून घेतलेल्या पैशानं काय होतं तेही महाराष्ट्रानं पाहिलंय. 2009 ची विधानसभा निवडणूक आठवते? उमेदवारांची कौतुकं बातमी म्हणून छापून आली. शब्दन् शब्द तोच मजकूर वेगवेगळ्या वर्तमानपत्रांत निघाला. पत्रकार पी. साईनाथ यांनी ते उजेडात आणलं, प्रेस कौन्सिलला चौकशी करावी लागली, आणि 'पेड न्यूज' हा शब्द आपल्या बोलण्यात येऊन बसला. गिरणीची शिफारस आणि उमेदवाराची बातमी यांत मला मुळात फरक दिसत नाही.

आता नियम नाहीत असं नाही. जाहिरात मानक परिषदेची, म्हणजे 'ॲस्की'ची, इन्फ्लुएन्सरांसाठीची, म्हणजे मोबाइलवर अशा शिफारशी करणाऱ्यांसाठीची, नियमावली जून 2021 पासून लागू आहे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानं जानेवारी 2023 मध्ये आणखी स्पष्ट सूचना काढल्या. जाहिरात असल्याचं हॅशटॅगांच्या गर्दीत दडवायचं नाही. फोटो असेल तर फोटोवरच लिहायचं. व्हिडिओ असेल तर दिसलंही पाहिजे आणि ऐकूही आलं पाहिजे. आणि ज्या भाषेत शिफारस, त्याच भाषेत हा खुलासा. मराठीत भाजणी शिकवायची आणि पैशाचं तेवढं इंग्रजीत सांगायचं, हे चालत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केलं तर 50 लाखांपर्यंत.

"पण मी पैसे घेतलेच नाहीत, त्यांनी वस्तू पाठवली," असं पुष्कळजण म्हणतात. या धंद्यात त्याला 'बार्टर' म्हणतात. नियमांना ते मान्य नाही. फुकटची वस्तू, सवलत, सहल, हॉटेलातला मुक्काम, इतकंच काय, कंपनीत नोकरी किंवा मालकाशी नातं असेल तरी ते सांगावं लागतं. आयकर खात्यानं तर हा प्रश्न केव्हाच सोडवलाय. जुलै 2022 पासून वर्षभरात 20,000 रुपयांच्या वर अशा वस्तू मिळाल्या आणि त्या ठेवून घेतल्या, तर त्यावर 10 टक्के कर आधीच कापायचा नियम आला. म्हणजे 22,000 ची घरघंटी त्या बाईंना फुकट मिळाली असेल, तर करापुरती ती कमाई होती. ती ताईपुरतीच 'माझ्या घरी हीच आहे' झाली.

छोट्या गावांतून मराठीत उत्तम काम करणाऱ्या कितीतरी मुली, बायका मी पाहते. त्यांना चार पैसे मिळावेत असं मला मनापासून वाटतं. कॅमेरा, गॅस, सामान, सगळं पदरमोड करून किती दिवस करणार? पैसे जरूर घ्या. फक्त सुरुवातीलाच, भाजणी परातीत ओतण्याआधी, म्हणा: 'ही जाहिरात आहे, ही गिरणी मला कंपनीनं दिली आहे.' ऐकायला पाच सेकंदं लागतात. मग त्या गिरणीत काय बरं आहे आणि काय नाही, तेही सांगा. ताईनं कदाचित तरीही घेतली असती. पण आधी शेजारच्या वहिनींना विचारलं असतं, दुकानात जाऊन ज्वारी दळून पाहिली असती.

ऐकणाऱ्यांसाठी एक नंबर सांगते, लिहून घ्या: 1915. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तक्रार मराठीत करता येते. ताईनं केली आहे. व्हिडिओ कुठे पाहिला, कुठल्या तारखेला, आणि तो शब्द नेमका कुठे लिहिला होता, एवढं तिनं वहीत उतरवून ठेवलं होतं. शाळेतली सवय.