कानात राहिलेला सिनेमा

नमस्कार श्रोतेहो. आज ज्या सिनेमाबद्दल बोलणार आहे, त्यातली मारहाण आली की मी अजूनही मान फिरवतो. पण मान फिरवली तरी ऐकू येतंच, आणि खरी गोम तिथेच आहे.

सिनेमा १९७१चा, 'अ क्लॉकवर्क ऑरेंज'. अँथनी बर्जेसच्या कादंबरीवरून स्टॅनली क्युब्रिकने केलेला. उद्याच्या इंग्लंडातला ॲलेक्स नावाचा पोरगा रात्री टोळी घेऊन लोकांना झोडपतो आणि घरी येऊन बीथोवन ऐकतो. एका घरात घुसून तो 'सिंगिन इन द रेन' गुणगुणतो, आणि गाण्याच्या ठेक्यावर लाथा घालतो. हे गाणं पटकथेत नव्हतंच, ॲलेक्स साकारणाऱ्या मॅल्कम मॅकडॉवेलला ते आयत्या वेळी सुचलं. तेव्हापासून ते गोड गाणं माझ्यापुरतं नासलंय.

मग सरकार ॲलेक्सला सुधारायला घेतं. त्याला खुर्चीला बांधतात, चिमट्यांनी पापण्या ताणून धरतात, औषध टोचून हिंसेच्या फिल्म दाखवतात. शेजारी बसून डोळ्यांत थेंब टाकणारा माणूस खराखुरा डॉक्टर होता. तरीही मॅकडॉवेलच्या डोळ्याला इजा झालीच! एका फिल्ममागे वाजत असते बीथोवनची नववी सिम्फनी. उपचार संपतो, तेव्हा मारामारीबरोबर त्या सिम्फनीनेही पोराला मळमळायला लागतं.

ती सिम्फनी वेंडी कार्लोस यांनी सिंथेसायझरवर बांधली होती; त्यात गाणारा आवाजही यंत्रातून काढलेला. पुढे रॉक गायक डेव्हिड बोवी याच सुरांवर मंचावर यायचा. शेफील्डच्या एका बँडने 'हेवन सेव्हन्टीन' हे नावही याच कथेतून उचललं.

ब्रिटनमध्ये गुन्ह्यांचं खापर या सिनेमावर फुटू लागलं, क्युब्रिकच्या घरी धमक्या आल्या. १९७३मध्ये त्यानेच तो तिथून काढून घ्यायला लावला. सेन्सॉरने नव्हे हं, खुद्द दिग्दर्शकाने! लंडनच्या स्काला थिएटरने पुढे तो परवानगीशिवाय दाखवला, तर कोर्टाची पायरी चढावी लागली. क्युब्रिक १९९९मध्ये गेला, त्यानंतर २०००मध्ये सिनेमा परतला. मधली सत्तावीस वर्षं लोक त्याच्याबद्दल नुसतं ऐकत होते. माझ्या मते त्याचा दबदबा वाढवला तो या गैरहजेरीनेच. ॲलेक्ससारखे पांढरे कपडे, काळी गोल टोपी आणि एकाच डोळ्याला खोट्या पापण्या लावून मिरवणाऱ्यांना मात्र ती खुर्ची आठवत नसावी.

आता नवव्या सिम्फनीचा शेवटचा भाग लावतोय, माणसांनी गायलेला. मी अजूनही तो जरा सावरून बसूनच ऐकतो.