भेरूघाट आणि लाल तेल

(रात्र. घाटातलं वळण. समोर ट्रकचे मागचे दिवे, मध्ये धूळ.)

इंदूर–खंडवा रस्त्यावरचा हा भेरूघाट. खंडव्याहून निघालं की सनावद, मग मोरटक्क्याचा नर्मदेवरचा पूल, बडवाह, बलवाडा. इथवर गाडी मजेत येते. मग विंध्याचा चढ लागतो, आणि तो संपला की माळव्याचं पठार. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे. ही उंची एरवी आम्हां इंदूरकरांच्या लक्षातही येत नाही. गेल्या मे महिन्यात आली.

खंडव्याला नाटकाचा प्रयोग करून आम्ही परतत होतो. गाडी मामांची, डिझेलची, ऑटोमॅटिक. मागे ट्रेलर. ट्रेलरमध्ये आमच्या हौशी मंडळींचं सगळं नेपथ्य: विंगा, लेव्हल म्हणजे रंगमंचावरचे लाकडी चौथरे, दोन दारं, एक खिडकी आणि दर नाटकात नवीन कापड घालून येणारा तोच जुना सोफा. टेम्पोच्या भाड्याला कंटाळून मामांनी हा बंद डब्याचा ट्रेलर करून घेतला होता. रीतसर नोंदणीही केली होती, कारण 1988च्या मोटार वाहन कायद्यात ‘मोटार वाहन’ या व्याख्येतच ट्रेलर येतो.

घाटात पुढे एक भरलेला ट्रक माणसाच्या चालीने चढत होता. आम्ही त्याच्या मागे. वीसेक मिनिटांनी डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला, गाडी गिअर बदलताना धक्के देऊ लागली आणि करपल्यासारखा वास आला. बॉनेट उघडून आम्ही सगळे टॉर्च घेऊन रेडिएटरकडे बघत बसलो. रेडिएटरला काहीही झालं नव्हतं. इंजिनाच्या तापमानाचा काटा मधोमध, अगदी शहाण्या मुलासारखा.

(सकाळ. देवास नाक्याजवळचं गॅरेज. पांढऱ्या कागदावर तेलाचा थेंब.)

उस्तादांनी गिअरबॉक्समधलं थोडं तेल काढून कागदावर टाकलं. हे तेल नवीन असतं तेव्हा लाल असतं. आमचं तपकिरी झालं होतं. वास घेऊन ते एवढंच म्हणाले, “बाऊजी, इंजन नहीं, गियर गरम हुआ है.”

ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यात क्लचऐवजी टॉर्क कन्व्हर्टर असतो. बंद डबा, त्यात तेल, समोरासमोर पात्यांची दोन चक्रं. एक चक्र इंजिन फिरवतं. त्याने उसळलेलं तेल दुसऱ्या चक्राला ढकलतं, आणि ते दुसरं चक्र गिअरबॉक्सला. दोघांमध्ये हाडाला हाड लागत नाही, म्हणून गाडी सिग्नलला बंद न पडता उभी राहते. हेर्मान फोटिंगर या जर्मन इंजिनिअरने 1905 मध्ये या कल्पनेचं पेटंट घेतलं ते जहाजांसाठी. जहाजाला भेरूघाट नसतो, आणि गार पाणी हवं तेवढं असतं.

सपाट रस्त्यावर, बऱ्या वेगाने चालताना डब्यातलाच एक क्लच दोन्ही चक्रं एकत्र जखडतो. तेव्हा उष्णता फारशी होत नाही. पण चढ, मागे ओझं आणि चालीचा वेग, तिन्ही एकदम आले की ती पकड सुटते. इंजिन जोर लावत राहतं, दुसरं चक्र मागे पडतं, आणि मधलं तेल ताकासारखं घुसळत राहतं. इंजिनाची जी ताकद चाकांपर्यंत पोचत नाही, ती तेल तापवण्यात जाते. डॅशवरचा काटा पाण्याचं तापमान दाखवतो, या तेलाचं नव्हे.

हे तेल साधारण 80 ते 95 अंश सेल्सिअसला सुखात असतं. 115च्या पुढे त्याची चिकट पुटं जमू लागतात, 125च्या पुढे रबरी सील कडक होतात, 145च्या आसपास आतल्या क्लच-प्लेटा घसरू लागतात. वर्कशॉपमधला ढोबळ हिशेब असा, की वाढत्या प्रत्येक दहा-अकरा अंशांमागे तेलाचं आयुष्य निम्मं होतं.

मग कंपनीने आधीच सोय केलेली नसते का? असते. बऱ्याच गाड्यांत रेडिएटरच्या टाकीतच या तेलाची छोटी नळी फिरवलेली असते. पण रेडिएटरमधलं पाणीच नव्वदीत असेल, तर तेल त्याच्या खाली कसं उतरणार? शिवाय ती नळी आतून फुटली की पाणी आणि तेल एक होतं. गिअरबॉक्समधून जे बाहेर येतं ते आपल्या सराफ्यातल्या दुधाच्या शिकंजीसारखं दिसतं, थोडा गुलाबी रंग पडलेल्या. त्या गिअरबॉक्सचा खर्च ऐकल्यावर शिकंजी काही दिवस घशाखाली उतरत नाही.

(जाळीचा छोटा चौकोन, शेजारी दोन रबरी नळ्या, चिमटे.)

म्हणून गिअरबॉक्सचं तेल गार करायला हा वेगळा कूलर. पत्र्याच्या पातळ चकत्या एकावर एक रचलेला. नुसत्या नळीवर पंख बसवलेले स्वस्त कूलरही मिळतात. उस्तादांनी ते हातातही घेतले नाहीत, आणि मला वाटतं बरोबरच केलं.

तो एसीच्या कंडेन्सरच्या पुढे बसतो, दोघांत बोटभर फट ठेवून. काही जण प्लास्टिकच्या पट्ट्या कंडेन्सरच्या जाळीतून आरपार ओवून तो टांगतात. गाडी थरथरते, पट्टी घासते, आणि एक दिवस एसीचा गॅस जातो. उस्तादांनी लोखंडी पट्ट्या वाकवून थेट चेसिसच्या आडव्या दांड्याला बोल्ट मारले. नळ्यांची तोंडं वर ठेवली. ती खाली राहिली तर आत हवा अडकते.

मग महत्त्वाचा प्रश्न: जोडायचा कुठे? गरम तेल आधी रेडिएटरमधून जाऊ द्यायचं, आणि तिथून गिअरबॉक्सकडे परतणाऱ्या नळीत हा कूलर घालायचा. परतीची नळी कुठली ते उस्ताद हाताने ओळखतात. गाडी थंड असताना चालू करायची. आधी तापते ती जाणारी, उरलेली येणारी. नळी तेलासाठी बनलेलीच हवी. पाण्याची नळी इथे महिनाभरात फुगून मऊ पडते. शेवटी वर अर्धा लिटर तेल जास्त लागलं, कंपनीने सांगितलेल्याच प्रकारचं, आणि त्याची पातळी बंद गाडीत नव्हे, चालू आणि गरम गाडीत पाहिली.

मामा उत्साहात म्हणाले, “आता आणखी दोन लेव्हल घेता येतील.” उस्तादांनी मान हलवली. कूलरने तेल वाचतं. चेसिस, ब्रेक आणि हुक होते तेवढेच राहतात. कंपनीने ओढायची जी मर्यादा लिहिली आहे ती कूलर लावून एका किलोनेही वाढत नाही. उलट त्यांनी ट्रेलरमधला सोफा मागून काढून धुरेच्या पुढे सरकवायला लावला. ट्रेलरच्या एकूण वजनाचा दहावा हिस्सा तरी हुकवर यावा, नाहीतर शेपूट डोलते.

(पुन्हा घाट. डॅशवर चिकटवलेला छोटा मीटर.)

यंदाचा प्रयोग, तोच रस्ता. आता तेलाचं तापमान दाखवणारा मीटर आहे. मामा गिअर हाताने खालचा धरून ठेवतात, म्हणजे गाडी वरखाली चाचपडत नाही. समोर ट्रक आहेच. ब्याण्णव. सत्त्याण्णव. एकशे एक. एकशे तीनवर आकडा थबकतो आणि माथा येईपर्यंत तिथेच रेंगाळतो. गेल्या वर्षी मीटर नव्हता, त्यामुळे तुलनेला आकडा नाही. वास मात्र आला नाही.

सिमरोलला उजाडलं. मामांनी आधी रस्त्याकडेला वाकून नळ्यांचे चारही जोड चाचपले, बोट रुमालाला पुसून रुमाल उजेडात धरला, आणि मग पोह्यांची ऑर्डर दिली.