कोळ्याच्या पिल्लांची शिदोरी

नमस्कार श्रोतेहो.

झाडलोट करताना जाळ्याखाली पडलेली माशी कधी उचलून पाहिलीत? पंख जागच्या जागी, पायही शाबूत, पण हातावर घेतली तर कोंड्यासारखी हलकी. आत काहीच नाही! कोळ्याला घास चावून गिळता येत नाही. विषाने भक्ष्य गारद केलं की तो त्यावर पाचक रस ओकतो आणि आतला ऐवज पातळ झाला की शोषून घेतो. म्हणजे पचन आधी, जेवण नंतर.

माश्या, डास, नाकतोडे, वेळ पडली तर दुसरा कोळीसुद्धा. काहीच वर्ज्य नाही. झाडपाल्यावर पोट भरणारा कोळी म्हणजे विरळा अपवाद.

पिल्लांचं काय? अंड्यातून निघालेली पिल्लं काही दिवस रेशमी कोशातच थांबतात. पोटात उरलेला बलक हीच त्यांची शिदोरी. कात टाकून बाहेर पडली की पांगायची घाई, कारण भुकेल्या भावंडांचा काय भरवसा! बरीचशी गवताच्या शेंड्यावर चढतात, पोट उंचावून धागा सोडतात आणि वाऱ्यावर स्वार होतात. जाळं विणणाऱ्या जातीचं पिल्लू उतरेल तिथे इवलंसं जाळं विणतं; शिकवायला कोणी नसतं. किडा नाही अडकला, तरी काही जातींत जाळ्याला चिकटलेले परागकण जाळ्यासकट पोटात जातात.

लांडगा कोळ्याची आई पिल्लांना पाठीवर घेऊन हिंडते खरी, पण भरवत नाही. उलट उड्या मारणाऱ्या एका जातीची आई चक्क दुधासारखा द्रव पाजते. चिनी संशोधकांनी 2018 मध्ये हे जाहीर केलं. पहिले वीसेक दिवस पिल्लं निव्वळ त्यावरच वाढतात.

मला मात्र अजूनही हलवून सोडते ती स्टेगोडायफस कोळीण. ती पिल्लांना तोंडातून पातळ अन्न भरवते, आणि भरवता भरवता तिचं स्वतःचं आतडंही विरघळू लागतं. मग एके दिवशी पिल्लं तिच्याच अंगावर चढतात. ती हाकलत नाही, पळतही नाही. पिल्लं तिला शोषून घेतात आणि जाळ्यात उरतं एक कवच, पाय शाबूत, कोंड्यासारखं हलकं.

नमस्कार.