एक्सोसोम : पेशी बाहेर टाकते त्या पुड्या

स्क्रीनवर आत्ता जे करडं-काळं चित्र दिसतंय ते एका अर्धवट तयार झालेल्या लाल रक्तपेशीचं आहे, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमधून. मधोमध एक मोठी पिशवी दिसते आणि तिच्या पोटात बारीक बारीक गोळे भरलेत, दिसले? आता पुढचं चित्र बघा. तीच पिशवी पेशीच्या कडेला जाऊन चिकटलीये, तिचं तोंड उघडलंय आणि आतले गोळे बाहेर सांडतायत. हे गोळे म्हणजे एक्सोसोम. साइज साधारण ३० ते १५० नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीत असे पाचशे तरी एका रांगेत आरामात बसतील.

हे सापडले १९८३ मध्ये, आणि खरं तर शोधायचं होतं भलतंच. लाल पेशी तयार होताना हिमोग्लोबिनसाठी तिला लोह लागतं, ते ट्रान्सफेरिन नावाचं प्रोटीन रक्तातून आणून देतं आणि ते पकडून ठेवायला पेशीच्या अंगावर रिसेप्टर असतात. पेशी पूर्ण तयार झाली की हे रिसेप्टर गायब होतात. सगळ्यांना वाटायचं पेशी ते आतल्या आत पचवून टाकत असणार. अमेरिकेत सेंट लुइसच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीत क्लिफर्ड हार्डिंग, फिलिप स्टाल वगैरे मंडळींनी काय केलं, ट्रान्सफेरिनला सोन्याचे अगदी सूक्ष्म कण चिकटवले, कारण सोनं मायक्रोस्कोपखाली काळ्या ठिपक्यासारखं उठून दिसतं, आणि मग ठिपके कुठे जातात ते बघत बसले. ठिपके निघाले या गोळ्यांवर. त्याच वर्षी तिकडे कॅनडात, मॉन्ट्रियलच्या मॅकगिल युनिव्हर्सिटीत रोझ जॉनस्टन आणि त्यांचे सहकारी मेंढीच्या रक्तपेशींवर काम करत होते, त्यांनाही तेच दिसलं, रिसेप्टर पचवले जात नाहीत, गोळ्यांसकट बाहेर टाकले जातात. एक्सोसोम हे नाव जॉनस्टनबाईंच्याच टीमने १९८७ मध्ये वापरलं.

बाहेर टाकतात म्हणजे कचरा, असं म्हणून बाकीच्यांनी विषय सोडून दिला. तसं अगदी चूकही नव्हतं ते, लाल पेशीपुरतं तर तो कचराच आहे. पण १९९६ मध्ये ग्रासा रापोसो यांनी दाखवलं की रोगप्रतिकारक बी पेशींनी सोडलेले एक्सोसोम टी पेशींना चेतवतात. म्हणजे बाहेर पडलेली पुडी कुणीतरी उघडतंय!

आणि पुडीत नक्की काय असतं हे कळलं २००७ मध्ये, स्वीडनच्या गोथेनबर्गला, यान लोटवाल यांच्या लॅबमध्ये. हा प्रयोग मला भारी आवडतो कारण कल्पना एकदम सरळ आहे. उंदराच्या पेशींचे एक्सोसोम घेतले, माणसाच्या पेशींना दिले, आणि थोड्या वेळाने माणसाच्या त्या पेशींमध्ये चक्क उंदराची प्रोटीन्स सापडली. एक्सोसोममध्ये सुमारे १३०० जीन्सचे मेसेंजर आरएनए होते, म्हणजे प्रोटीन कसं बनवायचं त्याच्या चिठ्ठ्या, शिवाय मायक्रोआरएनए, म्हणजे जीन्सचं काम आवरणारे छोटे आरएनए, आणि त्यातले कित्येक मेसेंजर तर मूळ पेशीच्या आत सापडलेच नाहीत. मग हे काय हाताला लागेल ते कोंबलेलं नव्हतं, निवडून भरलेलं होतं.

अर्थात हे कॅन्सरलाही जमतं. २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या डेव्हिड लायडन यांच्या टीमने दाखवलं की ट्यूमरचे एक्सोसोम आधी पुढे जाऊन कॅन्सर पसरायला जागा तयार करतात, आणि कुठल्या अवयवात जायचं हे त्यांच्या अंगावरच्या इंटेग्रिन प्रोटीनवर ठरतं, एका प्रकारचं असेल तर फुप्फुस, दुसऱ्या प्रकारचं असेल तर लिव्हर. उंदरांना आधी फुप्फुसाकडे जाणारे एक्सोसोम दिले आणि मग हाडांकडे जाणाऱ्या कॅन्सर पेशी सोडल्या तर त्या पेशी फुप्फुसात जाऊन वाढल्या. वाचून जरा धस्स होतं.

मग औषध म्हणून? स्टेम सेल हृदयात टोचल्या तर त्यातल्या बहुतेक टिकत नाहीत, तरी थोडा फायदा दिसतो, हे कोडं होतं. २०१० मध्ये सिंगापूरच्या टीमने उंदरांवर दाखवलं की त्या पेशींनी सोडलेले नुसते एक्सोसोम दिले तरी हार्ट अटॅकनंतरचं नुकसान कमी होतं. उंदरांत बरं का. माणसांपर्यंत यायचं तर अडचणी बऱ्याच, ते वेगळे काढायला सॅम्पल गुरुत्वाकर्षणाच्या लाखपट जोराने फिरवावं लागतं, तरी सोबत बाकीचा गाळ येतोच, एक बॅच दुसरीसारखी निघत नाही, आणि शिरेतून दिले तर बरेचसे काही मिनिटांत लिव्हरमध्ये जाऊन बसतात. यातूनच औषधं बनवायला निघालेली कोडियाक नावाची अमेरिकन कंपनी २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली.

आणि इकडे पुण्या-मुंबईत एक्सोसोम फेशियल, एक्सोसोम हेअर ट्रीटमेंटच्या जाहिराती जोरात. काही बाटल्यांवर तर गुलाबाच्या पेशींपासून काढलेले असं लिहिलेलं असतं, आता गुलाबाने आपल्या टकलाला काय निरोप द्यायचा कोण जाणे. गंमत सोडा, अमेरिकेत नेब्रास्का राज्यात मंजुरी नसलेली अशी उत्पादनं घेऊन पेशंट्सना गंभीर त्रास झाला, आणि डिसेंबर २०१९ मध्ये तिथल्या एफडीएला जाहीर इशारा द्यावा लागला. त्यामुळे कुणी सुईने टोचतो म्हणालं तर कुठल्या पेशींचे, मंजुरी कुणाची, हे आधी विचारा, आणि उत्तर गोलगोल आलं तर सरळ घरी या.

मग आज हाताला लागलेलं काहीच नाही का? आहे, आणि ते लघवीत आहे. पन्नाशीच्या पुढच्या पुरुषाचा पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या कॅन्सरची शंका घ्यायला रक्तात मोजतात ते प्रोटीन, २ ते १० च्या मधे आला की डॉक्टरही अडतात, प्रोस्टेटची बायोप्सी करावी की नको. अमेरिकेत यासाठी एक टेस्ट मिळते, लघवीतल्या एक्सोसोममधले तीन जीन्सचे आरएनए मोजतात आणि त्यावरून जोखमीचा स्कोअर काढतात. स्कोअर कमी आला तर बायोप्सीची सुई सध्या तरी टाळता येते.