हूल आणि कांगावा

(दृश्य : उत्तर नागपुरातील एक मैदान. हिवाळ्यातील सकाळ. गोलपोस्टला जाळी नाही.)

डिसेंबरातील सकाळी साडेसहा वाजता या मैदानावर अजून धुके आहे. गोलपासून साधारण वीस मीटरवर चेंडू ठेवलेला आहे, त्याच्यामागे तीन मुले उभी आहेत आणि समोर चौघांची भिंत, म्हणजे मैदानावरच्या भाषेत 'वॉल', खांद्याला खांदा लावून उभी आहे. पहिला मुलगा वेगाने धावत येतो आणि चेंडूला न शिवता त्याच्यावरून पुढे निघून जातो. दुसरा येतो, पाय उगारतो, पण तोही चेंडूच्या बाजूने निसटतो. तोवर वॉलमधील मुलांनी उडी मारलेली असते, आणि त्यांचे पाय पुन्हा जमिनीला टेकण्याआधीच तिसरा मुलगा शांतपणे चेंडू त्यांच्या पायांखालून सरकवतो. दोन खांबांमधल्या रेषेमागे चेंडू गेल्यावर गोलरक्षक वॉलवर ओरडतो, "अबे, काय पाहून राह्यले होते तुम्ही?"

ते काय पाहत होते, हाच या चित्रफितीचा विषय आहे.

अशा फसवणुकीसाठी मराठीत एक नेमका शब्द आहे : हूल. कबड्डीत चढाईला गेलेला गडी हात पुढे करून हूल देतो आणि पायाने समोरच्याला टिपतो. प्रतिस्पर्ध्याला आपण एक करणार असे भासवून दुसरेच करणे, एवढाच हुलीचा अर्थ आहे आणि ती देणाऱ्याला आपल्याकडे कोणी लबाड म्हणत नाही. मराठीत दुसराही एक शब्द आहे, कांगावा. लागलेले नसताना लागले म्हणून आरडाओरडा करणे, दुसऱ्याने न केलेला अपराध त्याच्या माथी मारणे, याला कांगावा म्हणतात. फुटबॉलमध्ये हे दोन्ही प्रकार चालतात आणि बोलताना आपण दोन्हींना 'चलाखी' म्हणून मोकळे होतो. आमच्या मते ही मोठी चूक आहे. हूल प्रतिस्पर्ध्याच्या डोळ्यांना दिली जाते आणि ती देताना पंचाला सारे काही स्वच्छ दिसत असते. कांगाव्याचे लक्ष्य मात्र पंचाचेच डोळे असतात.

हुलीला तर फुटबॉलच्या नियमपुस्तकानेच मान्यता दिलेली आहे. फ्री किक, म्हणजे विरुद्ध संघाच्या चुकीबद्दल मिळणारी किक, हिच्यासंबंधीच्या तेराव्या नियमात, प्रतिस्पर्ध्याला गोंधळात टाकण्यासाठी किक मारण्याची हूल देणे हा खेळाचाच भाग असून त्याला परवानगी आहे, असे स्पष्ट म्हटले आहे.

(दृश्य : दोन टाचांमध्ये चेंडू धरून उडवण्याचा प्रयत्न करणारी मुलगी. चेंडू तिच्या पाठीवर आदळतो. ती पुन्हा चेंडू ठेवते.)

ही मुलगी जे करू पाहत आहे ते ३ ऑक्टोबर १९७० रोजी इंग्लंडमधील कॉव्हेंट्री सिटीच्या हायफील्ड रोड मैदानावर झाले होते. समोर त्या वेळचा लीगविजेता संघ एव्हर्टन होता. फ्री किक मिळाल्यावर विली कार चेंडूपाशी गोलकडे तोंड करून उभा राहिला, त्याने चेंडू दोन्ही टाचांमध्ये पकडला आणि गाढवाने मागचे पाय झाडावेत तसे पाय झाडून तो आपल्या मागे वर उडवला. मागे उभ्या असलेल्या अर्नी हंटने तो जमिनीवर पडू न देता वॉलच्या वरून थेट गोलमध्ये मारला. कॉव्हेंट्रीने तो सामना ३-१ असा जिंकला आणि बीबीसीच्या प्रेक्षकांच्या दृष्टीने तो त्या हंगामातील सर्वोत्तम गोल ठरला. त्या हंगामानंतर मात्र ही किक बेकायदा ठरवण्यात आली. जी युक्ती सर्वांसमोर, पंचाच्या नजरेखाली आणि केवळ पायांच्या कौशल्यावर उभी होती, तिच्यावरच बंदी यावी याचे आम्हांला आजही वाईट वाटते. आजच्या नियमपुस्तकात, एका पायाने किंवा दोन्ही पायांनी एकाच वेळी चेंडू उचलून फ्री किक घेता येते, असे वाक्य आहे. ते वाचून दाखवल्यापासून ही मुलगी रोज सराव संपल्यावर थांबते.

तिच्या या हट्टामागे मैदानाचेही एक कारण आहे. नागपुरातील बहुतेक मुले ज्या मैदानांवर फुटबॉल शिकतात तिथे गवत कमी आणि माती जास्त असते. विजय बारसे यांनी २००१ साली ज्या वस्त्यांमधील मुलांसाठी 'स्लम सॉकर'चे काम सुरू केले, त्या वस्त्यांच्या आसपास सपाट जमीन हीच दुर्मीळ गोष्ट आहे. हिरवळीवर जमिनीलगत सरकवलेला पास जिथे हवा तिथेच पोहोचतो, पण इथे तो एखाद्या खड्यावर उडून भलत्याच्या पायात जातो. त्यामुळे दूरदर्शन संचावर पाहिलेली युक्ती जशीच्या तशी इथे चालत नाही आणि मुलांना ती आपल्या मातीप्रमाणे बदलून घ्यावी लागते.

(दृश्य : खडूने फळ्यावर काढलेली आकृती. पाच फुल्या, एक बाण.)

प्रशिक्षक फळ्यावर जी आकृती काढत आहेत ती ३० जून १९९८ची आहे. फ्रान्समधील सेंट एतिएन येथे विश्वचषकाच्या सामन्यात इंग्लंड अर्जेंटिनाविरुद्ध २-१ ने पुढे होता आणि पूर्वार्ध संपत आला होता. अर्जेंटिनाला गोलच्या जवळ फ्री किक मिळाली तेव्हा सगळ्यांचे लक्ष गॅब्रिएल बातिस्तुतावर होते, कारण एवढ्या अंतरावरून तो काय करू शकतो हे इंग्लंडच्या प्रत्येक खेळाडूला ठाऊक होते. बातिस्तुता धावत आला आणि चेंडूवरून तसाच पुढे गेला. हुआन सेबास्तियन वेरॉनने चेंडू वॉलच्या कडेने हळूच आत सरकवला, वॉलच्या आडोशाला असलेला हाविएर सानेत्ती तिथून बाहेर पडला आणि त्याने बरोबरी साधली. पेनल्टींवर तो सामना अर्जेंटिनाने जिंकला. या युक्तीत सर्वांत मोठे काम चेंडूला पायही न लावणाऱ्या बातिस्तुताने केले, हे प्रशिक्षक मुलांना दोनदा सांगतात, आणि ते दोनदा सांगणे आवश्यक आहे, कारण वस्तीतील प्रत्येक मुलाला किक मारणारा व्हायचे असते आणि चेंडूवरून नुसते धावत जाण्याचे काम कोणालाच नको असते.

नियम पुढे बदलले. २०१९पासून बचाव करणाऱ्या संघाच्या तीन किंवा अधिक खेळाडूंची वॉल असेल, तर चेंडू खेळात येईपर्यंत आक्रमक संघाच्या खेळाडूंना तिच्यापासून किमान एक मीटर दूर राहावे लागते. वॉलमध्ये घुसून धक्काबुक्की करण्याचे प्रकार त्यामुळे थांबले, परंतु हूल थांबली नाही. ९ डिसेंबर २०२२ रोजी कतारमधील विश्वचषकात लुसैल मैदानावर नेदरलँड्सचा संघ अर्जेंटिनाविरुद्ध १-२ असा मागे होता, वाया गेलेल्या वेळेच्या भरपाईचे अकरावे मिनिट चालू होते आणि गोलसमोर मिळालेली फ्री किक थेट गोलवरच मारली जाणार यात कोणाला शंका नव्हती. ट्युन कूपमाइनर्सने ती मारण्याचा आविर्भाव केला आणि चेंडू हळूच वाउट वेगहोर्स्टकडे सरकवला. वेगहोर्स्टने पाठीवरच्या बचावपटूला रोखून धरत चेंडू गोलमध्ये ढकलला. चोवीस वर्षांपूर्वी अर्जेंटिनाने जी हूल दिली होती, तीच तिच्या वाट्याला परत आली.

कॉर्नर आणि पेनल्टीवरील युक्त्या यामानाने लवकर सांगून होतात. कॉर्नरवर चेंडू मारला जाऊन तो स्पष्टपणे हलला की खेळात येतो, त्याने कोपऱ्यातील वर्तुळखंड ओलांडण्याची गरज नसते. जानेवारी २००९मध्ये चेल्सीविरुद्ध मँचेस्टर युनायटेडच्या वेन रूनीने याचाच उपयोग करून चेंडूला हलकेच पाय लावला आणि किक दुसऱ्यासाठी सोडल्यासारखा तो चालू लागला. रायन गिग्ज चेंडू घेऊन आत शिरला आणि त्याच्या क्रॉसवर क्रिस्तियानो रोनाल्डोने हेडर मारला, पण हा गोल पंचांच्या चमूने ग्राह्य धरला नाही. पेनल्टी थेट न मारता सहकाऱ्याकडे सरकवण्याची युक्ती बेल्जियमच्या रिक कोपेन्सने १९५७मध्ये आणि आयाक्सच्या योहान क्रॉयफने १९८२मध्ये यशस्वी केली. २००५मध्ये आर्सेनलच्या रोबेर पिरेसने तीच करायला जाऊन चेंडू जेमतेम हलवला आणि फ्री किक मँचेस्टर सिटीला मिळाली. नियमातील 'स्पष्टपणे' या एका शब्दात किती वजन आहे, हे दाखवण्यासाठी प्रशिक्षक रूनी आणि पिरेस यांची ही दोन उदाहरणे आवर्जून देतात.

(दृश्य : शिट्टी. पंचाचा उंचावलेला हात.)

सर्वांत कठीण प्रश्न झटपट घेतलेल्या फ्री किकचा आहे आणि तो आपल्याच देशातील आहे. ३ मार्च २०२३ रोजी बंगळूरुच्या श्री कांतीरवा मैदानावर इंडियन सुपर लीगच्या बाद फेरीत बंगळूरु एफसी आणि केरला ब्लास्टर्स यांचा सामना निर्धारित वेळेत गोलशून्य राहिला. जादा वेळेत बंगळूरुला फ्री किक मिळाली आणि ब्लास्टर्सचे खेळाडू वॉल रचत असतानाच सुनील छेत्रीने चेंडू रिकाम्या गोलमध्ये मारला. पंचांनी गोल दिला. ब्लास्टर्सचे प्रशिक्षक इव्हान वुकोमानोविच यांनी आपला संघ मैदानाबाहेर नेला आणि तो परत आला नाही. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने पुढे ब्लास्टर्सला ४ कोटी रुपयांचा दंड केला आणि वुकोमानोविच यांच्यावर १० सामन्यांची बंदी घातली.

त्या रात्री नागपुरातही घराघरांत वाद झाले. नियमाची बाजू अशी आहे की फ्री किक हा ज्याच्यावर अन्याय झाला त्याचा हक्क आहे आणि अन्याय करणाऱ्याला वॉल रचण्यासाठी सवड मिळण्याचा हक्क नाही. मात्र पंचाने शिट्टीची वाट पाहण्यास सांगितले असेल, अंतर मोजण्यास सुरुवात केली असेल किंवा कोणाला कार्ड दाखवण्याची प्रक्रिया सुरू केली असेल, तर शिट्टीपूर्वी मारलेली किक चालत नाही. म्हणजे अशा प्रसंगी सारा निकाल पंच आणि किक मारणारा यांच्यात काय ठरले यावर अवलंबून असतो, आणि ते समोरच्या अकरा जणांना प्रत्येक वेळी ऐकू जातेच असे नाही. ब्लास्टर्सच्या खेळाडूंचा संताप आम्ही समजू शकतो, तरीही चेंडूपुढे एक खेळाडू उभा न ठेवता सगळ्यांनी पाठ फिरवणे ही त्यांचीच चूक होती असे आम्हांला वाटते. या मैदानावर त्या सामन्यानंतर एक सवय लागली आहे. फ्री किक दिली गेली की सर्वांत जवळचा मुलगा नियमाप्रमाणे मागे सरकतो, पण चेंडूवरून नजर हलवत नाही.

(दृश्य : दुपार. एका स्थानिक स्पर्धेतील सामना. एक खेळाडू गुडघा धरून पडलेला.)

आता कांगाव्याकडे वळावे लागेल. ३ सप्टेंबर १९८९ रोजी रिओच्या माराकाना मैदानावर विश्वचषक पात्रता सामन्यात चिली ब्राझीलविरुद्ध ०-१ असा मागे होता. प्रेक्षकांतून फेकलेली एक पेटती नळकांडी चिलीचा गोलरक्षक रोबेर्तो रोहास याच्याजवळ पडली आणि तो धुरात कोसळला. त्याचा चेहरा रक्ताने माखला होता. चिलीचा संघ त्याला उचलून मैदान सोडून गेला. नंतर छायाचित्रांवरून सिद्ध झाले की ती नळकांडी रोहासला लागलीच नव्हती, त्याने हातमोज्यात लपवलेल्या पात्याने स्वतःलाच कापून घेतले होते. सामना ब्राझीलला बहाल झाला, चिलीला १९९४च्या विश्वचषकातून वगळण्यात आले आणि रोहासवर आजन्म बंदी आली, जी २००१मध्ये उठली. एका माणसाच्या कांगाव्याने त्याच्या देशातील खेळाडूंच्या एका पिढीची विश्वचषकाची संधी घालवली, आणि हा प्रसंग सांगताना आजही आमचा आवाज जड होतो.

२००२च्या विश्वचषकात तुर्कस्तानच्या हाकान उन्सालने मारलेला चेंडू मांडीला लागला असताना ब्राझीलचा रिवाल्डो तोंड धरून खाली पडला. उन्सालला मैदान सोडावे लागले आणि रिवाल्डोला ११,५०० स्विस फ्रँकचा दंड झाला. मोठ्या स्पर्धांत आता व्हिडिओ पंच असतो. आपल्याकडील स्पर्धांत एक पंच आणि दोन साहाय्यक असतात, पडताळून पाहण्यासाठी काहीही नसते आणि मैदानाच्या कडेला दोन्ही मोहल्ल्यांची माणसे उभी असतात. त्यामुळे कांगावा जितका इथे फळतो तितका टीव्हीवरच्या फुटबॉलमध्येही फळत नाही. या पडलेल्या मुलाला लागलेले नाही. त्याच्या संघाला आघाडी आहे आणि पाच मिनिटे उरली आहेत. प्रेक्षकांतील लहान मुले ओरडत आहेत, "रडीचा डाव! रडीचा डाव!"

हूल आणि कांगावा या दोहोंच्या मध्ये एक निसरडा पट्टा आहे. चेंडू घेण्याच्या बेतात असलेल्या प्रतिस्पर्ध्यामागे जाऊन "सोड बे, माझा आहे" असे म्हटले की तो आपलाच साथीदार समजून चेंडू सोडतो. आपल्याकडे ही हुशारी समजली जाते, पण बाराव्या नियमानुसार बोलून प्रतिस्पर्ध्याचे लक्ष विचलित करणाऱ्याला पिवळे कार्ड मिळते. गोलरक्षकाला मुद्दाम पायाने दिलेला पास हातात घेण्यास १९९२पासून मनाई आहे. ती चुकवण्यासाठी कोणी मुद्दाम चेंडू पायाने उडवून स्वतःच डोक्याने मागे दिला, तर गोलरक्षकाने हात लावो वा न लावो, युक्ती करणाऱ्याला कार्ड मिळते. कतारमधील अंतिम सामन्यात फ्रान्सच्या ओरेलियँ चुआमेनीच्या पेनल्टीपूर्वी अर्जेंटिनाच्या एमिलियानो मार्तिनेसने चेंडू दूर फेकून दिला होता. पुढच्याच वर्षी, किक मारणाऱ्याचे लक्ष गैरमार्गाने विचलित करण्यास किंवा किकला विलंब लावण्यास गोलरक्षकाला स्पष्ट मनाई करण्यात आली. २०२५पासून गोलरक्षकाने चेंडू हातात आठ सेकंदांहून अधिक ठेवला तर विरुद्ध संघाला कॉर्नर मिळतो, आणि वेळकाढूपणाचा एवढा रोकडा हिशेब पूर्वी कधी झाला नव्हता.

(दृश्य : दुसऱ्या दिवशीची सकाळ. सामन्यापूर्वी दोन्ही संघ रांगेत.)

सकाळच्या मैदानावरील मुलांचा आज सामना आहे. नाणेफेकीनंतर त्यांचा कर्णधार पंचांजवळ थांबतो आणि हलक्या आवाजात काही सांगतो. आपल्या संघाला फ्री किक मिळाली तर एक मुलगी दोन्ही टाचांनी चेंडू मागे उडवणार आहे, हे त्याला पंचांना आधीच कळवायचे आहे. पंच क्षणभर विचार करतात, दोन्ही पाय एकाच वेळी उचलले गेले पाहिजेत असे त्याला बजावतात आणि मान डोलावतात. समोरच्या संघाचा कर्णधार काय बोलणे झाले ते ऐकण्यासाठी दोन पावले पुढे येतो, पण तोवर हा आपल्या संघाकडे परतलेला असतो.