जुन्या पिकअपच्या इंजिनात टकटक? इंजिन खोलायच्या आधी हे बघा

(बॉनेट उघडं, इंजिन चालू. थोडा वेळ फक्त आवाज.)

ऐकलंत? टक-टक-टक-टक. ही बोलेरो पिकअप, २५२३ सीसीचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन. सेकंडहँड गाडी, भाजीपाल्याच्या भाड्यावर फिरलेली. मालकाला एका गॅरेजवाल्यानं नुसतं ऐकूनच सांगून टाकलंय, "इंजिन गेलं, बांधावं लागेल," म्हणजे सगळं खोलून दुरुस्त करावं लागेल.

नमस्कार मंडळी. इंजिन लागेल तेव्हा बांधूच, पण आवाज कुठून येतो आणि कधी येतो, या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही. आणि हो, डिझेल इंजिन थोडं कडकडणारच. डिझेल पेटतानाचा तो आवाज चारही सिलिंडरमध्ये सारखा असतो, त्यानं घाबरू नका. आपण शोधतोय तो त्या कडकडीतून वेगळा निघणारा ठोका.

पहिलं काम सकाळी करायचं, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर. गाडी घ्यायला जाताय? मग आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर समजा, तुम्ही यायच्या आधी गाडी तापवून ठेवलीय. सरळ म्हणा, "दादा, उद्या सकाळी येतो, तोवर स्टार्टर मारू नका." थंड इंजिन खोटं बोलत नाही.

आता ऑइलची पट्टी काढा. ऑइल खालच्या खुणेच्याही खाली असेल तर आधी लेव्हल करा, मग बोलू. आणि ऑइल बोटावर घेऊन बघा. मधासारखं घट्ट वाटलं तर सावध. आवाज दाबायला काही महाभाग इंजिनात गिअर ऑइल ओततात, नाहीतर घट्ट करणारी बाटली. दोन दिवस इंजिन मुकं होतं, व्यवहार होतो, नंतरचं तुमचं तुम्ही बघा. ऑइलचा संशय आला तर फिल्टरसकट ऑइल बदलून, कंपनीनं सांगितलेल्या ग्रेडचं टाकून मगच आवाज तपासा.

चला, स्टार्टर मारू.

थंडपणी टकटक जोरात आणि पाच-दहा मिनिटांत कमी होत गेली, तर माझी पहिली नजर जाते एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर, म्हणजे सिलिंडरमधला धूर गोळा करणाऱ्या नळ्यांवर. गॅस्केट फुटलेलं असतं, किंवा बोल्ट ढिला झालेला, तुटलेला. तिथून धूर ठोक्याठोक्यानं बाहेर पडतो आणि कानाला थेट टॅपेट, म्हणजे वाल्व उघडणारी यंत्रणा, वाजल्यासारखा येतो. इंजिन तापलं की लोखंड फुगतं, फट मिटते, आवाज जातो. खूण बघा, ही इथे. (कॅमेरा जवळ) हेड आणि मॅनिफोल्डच्या जोडावर काळी काजळी, पंख्यासारखी पसरलेली. गॅस्केट आणि बोल्ट बदलले की काम झालं. फक्त गंजलेला बोल्ट जोर लावून फिरवू नका, हेडमध्ये तुटला तर बाहेर काढायलाच अख्खा दिवस जातो. आदल्या रात्री गंज सोडवणारं ऑइल मारून ठेवा.

तसाच दुसरा चकवा इंजेक्टरच्या बुडाशी असतो. तिथल्या तांब्याच्या वॉशरनं दम सोडला की कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधली दाबलेली हवा, बाजूनं निसटतं. आवाज टकटकीपेक्षा "चफ-चफ" असा येतो, आणि इंजेक्टरभोवती डांबरासारखा काळा थर साचतो. इंजेक्टर काढून खालची बैठक साफ करायची आणि नवीन वॉशर टाकायचा. जुनाच वॉशर परत बसवून देणाऱ्या मिस्त्रीला तिथल्या तिथे थांबवा.

दोन्हीकडे काही नाही? मग हा लांब स्क्रू ड्रायव्हर घ्या. मूठ कानाच्या हाडाला, टोक इंजिनला. आधी बाह्या वर करा, गळ्यातला पंचा काढून ठेवा, आणि फॅन-बेल्टपासून लांब राहा, मंडळी. यात गंमत नाही. टोक टॅपेट कव्हरवर ठेवा, मग डिझेल पंपावर, मग ब्लॉकवर, शेवटी खाली चेंबरजवळ, म्हणजे इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या भांड्याजवळ. आवाज लोखंडातून सगळीकडे पळतो हे खरं, पण जिथे तो टोचतो ती जागा वेगळी कळते.

ठोक्याची चालही ऐका. फोर स्ट्रोक इंजिनात वाल्व उघडणारा दांडा, कॅमशाफ्ट, हा पिस्टननं फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या, क्रँकच्या, निम्म्या वेगानं फिरतो. आयडलला, म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता, इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर असेल तर एक वाल्व मिनिटाला ४०० वेळा उघडतो, म्हणजे सेकंदाला सहा-सात ठोके. ते कानाला सुटे सुटे ऐकू येतात. क्रँकच्या प्रत्येक फेरीला पडणारा ठोका त्याच्या दुप्पट घाईचा असतो आणि आवाजही जड, "ठक-ठक". हलका, सुटा आणि वरून येणारा असेल तर टॅपेट. या गाडीत तोच आहे.

अजून शंका असेल तर एकेक सिलिंडर बंद करून बघतात. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीत मिस्त्री इंजेक्टरच्या पाइपचा नट किंचित ढिला करतो. त्या सिलिंडरचं काम थांबल्यावर ठोका मेला, तर दोष इंजेक्टर, पिस्टन किंवा बेअरिंगकडे. फरकच पडला नाही तर बहुधा टॅपेट. पण कॉमन रेल गाडीत, म्हणजे जिथे सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून जबर दाबाचं डिझेल मिळतं तिथे, हा उद्योग चुकूनही करायचा नाही. त्या पाइपमध्ये हजार बारच्या वर दाब जातो, डिझेलची बारीक धार कातडी फोडून आत शिरते आणि बोट कापायची वेळ येते. तिथे स्कॅनर लावून सिलिंडर बंद करायचा. एप्रिल २०२० नंतरची बीएस-६ पिकअप कॉमन रेलच आहे असं धरून चाला.

तर टॅपेट. (इंजिन बंद, थंड. कव्हर काढलेलं.)

ही पुश रॉड, खालून ढकलणारी कांडी. हा रॉकर, तिच्या धक्क्यानं झुलणारा दांडा. आणि रॉकर दाबतो तो हा वाल्व. रॉकर आणि वाल्वच्या मध्ये केसाएवढी फट ठेवलेली असते, कारण तापल्यावर वाल्व लांबतो. झिजेनं ती फट वाढली की रॉकर वाल्ववर आपटतो. टकटक ती हीच. फट किती ठेवायची ते गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या. इनलेट आणि एक्झॉस्टचे आकडे वेगळे असू शकतात, आणि इंजिन थंड हवं की गरम तेही तिथेच दिलेलं असतं. मॉडेलगणिक फरक पडतो, म्हणून मी इथे आकडा टाकत नाही.

फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, १-३-४-२. क्रँक पान्यानं हातानं फिरवायचा. चौथ्या सिलिंडरचे दोन्ही वाल्व एकदम हलताना दिसले, एक बंद होतोय आणि दुसरा उघडायला लागलाय, की थांबा. तेव्हा पहिल्या सिलिंडरचे दोन्ही रॉकर मोकळे असतात, ते सेट करा. पहिला हलत असेल तेव्हा चौथा. तिसरा आणि दुसरा तसेच एकमेकांचे जोडीदार. लॉकनट ढिला, मधे फिलर गेजची, म्हणजे फट मोजायची, ठरावीक जाडीची पट्टी, स्क्रू फिरवत पट्टी किंचित अडखळत सरकेल इथपर्यंत आणायचा. मग स्क्रू धरून ठेवून लॉकनट आवळायचा आणि पट्टी पुन्हा घालून बघायची. आवळताना फट बदलते, ही दुसरी तपासणी अनेकजण गाळतात.

आता हे बघा. (कॅमेरा एकदम जवळ) रॉकरच्या या टोकावर खड्डा पडलाय, नखाला लागतोय. सरळ पट्टी या खड्ड्याच्या दोन काठांवर टेकते आणि तुम्हाला फट बरोबर दाखवते. खरी फट खड्ड्याच्या खोलीएवढी जास्तच राहते. "दोनदा सेटिंग केलं तरी आवाज जात नाही" असं लोक म्हणतात ना, त्यातल्या कितीतरी गाड्यांचं दुखणं हे असतं. असा रॉकर बदलायचा. पुश रॉड काढून काचेवर लोळवा, डुगडुगली तर वाकलीय.

आणि आवाज अजिबात नको म्हणून फट कमी करू नका. घट्ट वाल्व सीटवर पूर्ण टेकत नाही, त्याची उष्णता हेडमध्ये उतरत नाही, आणि तो जळतो. टिकटिकणारा टॅपेट मला चालेल, जळालेला वाल्व नाही. काही इंजिनांत ऑइलच्या दाबानं आपोआप फट भरणारे हायड्रॉलिक टॅपेट असतात, त्यांना हे सेटिंगच नसतं. तिथे आधी ऑइल आणि ऑइलचा दाब बघायचा.

राहिला चेंबरकडचा जड ठोका. इंजिन तापल्यावर तो वाढतो, घाटात लोड घेताना जास्त येतो, आणि जोडीला आयडलला ऑइलचा दिवा लुकलुकत असेल तर इंजिन जागेवर बंद करा. गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, टोचन करून न्या. मिस्त्रीला सांगा, ऑइल प्रेशर स्विचच्या जागी गेज लावून दाब मोजा, आणि चेंबर उतरवून बेअरिंगची वाटी काढून दाखवा. वाटीवर तांब्याचा रंग उघडा पडला असेल तर क्रँकचं माप घ्यावंच लागेल, आणि तेव्हा इंजिन बांधायच्या खर्चाला मीही हो म्हणेन. गाडी अजून घेतलेली नसेल, तर तेवढी रक्कम किमतीतून वजा करून मागा. मालक तयार नसेल तर गाडी सोडा.