धुक्याचा मुलूख : सोनोमा

[दृश्य : पॅसिफिकचा खडकाळ किनारा. पाण्यावर धुक्याचा पांढरा पट्टा.]

सॅन फ्रान्सिस्कोहून किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेकडे निघालं, की मरीन काउंटीनंतर सोनोमा काउंटी लागते. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. जग या जिल्ह्याला ओळखतं ते वाइनमुळे. जवळपास साठ हजार एकरांवर इथे द्राक्षबागा आहेत. पण बागांकडे जाण्याआधी इथलं धुकं समजून घ्यायला हवं.

इथला समुद्र ऐन उन्हाळ्यातही गार असतो. वाऱ्यामुळे खोलातलं थंड पाणी वर येतं आणि त्यावरून वाहणाऱ्या दमट हवेचं धुकं होतं. तिकडे आतल्या खोऱ्यात दिवसभर ऊन तापतं, गरम हवा वर चढते आणि समुद्रावरची हवा आत ओढली जाते. पेटालुमाजवळ डोंगररांगेला खिंड आहे. संध्याकाळी धुकं त्या खिंडीतून शिरतं, ते दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढेपर्यंत हलत नाही. दिवसाचं ऊन मण्यांत साखर भरतं आणि रात्रीचा गारठा आंबटपणा टिकवून धरतो. पिनो न्वारसारखी पातळ सालीची, नाजूक जात इथे साधते ती यामुळे.

हेच धुकं एकेकाळी इथल्या शेतकऱ्याच्या मुळावर आलं होतं.

[दृश्य : फोर्ट रॉस. लाकडी तटबंदी, छोटं चर्च.]

१८१२ साली रशियन-अमेरिकन कंपनी या रशियन व्यापारी कंपनीची माणसं या कड्यावर उतरली. ही भूमी काशाया पोमो या इथल्या आदिवासींची. रशियनांना हवी होती समुद्री ऊदमांजरांची कातडी, आणि अलास्कातल्या वसाहतींसाठी धान्य. शिकारीसाठी त्यांनी अलास्काचे आदिवासी, त्यांच्या कातडी होड्यांसह, सोबत आणले. १८१७ मध्ये पेरूहून आणलेले द्राक्षवेलही लावले. सोनोमाच्या किनाऱ्यावरची ही पहिली द्राक्षं. पण गहू काही साधला नाही. धुक्याच्या ओलीने पिकावर तांबेरा पडायचा. शिकार करकरून ऊदमांजरंही संपत आली. १८४१ मध्ये रशियनांनी सगळा पसारा कॅलिफोर्नियातला जमीनदार जॉन सटर याला विकला आणि ते निघून गेले.

आज त्याच फोर्ट रॉसच्या वरच्या डोंगरमाथ्यांवर, धुक्याच्या थराच्या जरा वर, नावाजलेल्या बागा आहेत. २०१२ पासून या पट्ट्याला स्वतंत्र द्राक्षक्षेत्र म्हणून मान्यता आहे. गव्हाला जे सोसलं नाही, ते द्राक्षाला मानवलं.

[दृश्य : सोनोमा गावातला चौक, मिशनची पांढरी भिंत.]

आतल्या बाजूला, सोनोमा गावात, १८२३ मध्ये मिशन, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रसाराचं ठाणं, उभं राहिलं. कॅलिफोर्नियातल्या २१ मिशनांपैकी हे शेवटचं. पाद्र्यांनी तिथे द्राक्षं लावली; बागेत राबले ते स्थानिक आदिवासी. कॅलिफोर्निया तेव्हा मेक्सिकोत होतं; पुढे मेक्सिकोचे सेनाधिकारी मारियानो वायेहो यांच्याकडे इथला कारभार आला. जून १८४६ मध्ये काही अमेरिकन वसाहतवाल्यांनी याच चौकात अस्वलाचं चित्र असलेलं निशाण उभारून स्वतंत्र प्रजासत्ताक जाहीर केलं. ते महिनाभरही टिकलं नाही. अस्वल मात्र कॅलिफोर्नियाच्या झेंड्यावर राहिलं.

मग आला हंगेरीचा अगोस्तोन हाराझ्ती. १८५७ मध्ये त्याने ब्वेना व्हिस्टा वाइनरी काढली. १८६१ मध्ये तो युरोपभर हिंडला आणि शेकडो जातींच्या काड्या घेऊन परतला. कॅलिफोर्नियाच्या वाइनचा जनक म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. त्याच्या वाइनरीची भुयारं डोंगर फोडून खणली ती चिनी मजुरांनी. त्यांचीही नावं याच इतिहासात यायला हवीत, असं मला मनापासून वाटतं.

१८७३ मध्ये सोनोमात फायलोक्सेरा सापडली. डोळ्यांना जेमतेम दिसणारी ही कीड मुळांतला रस शोषते आणि वेल वाळत जातो. फवारून ती हटेना. उपाय निघाला तो खुंटाचा. कीड सोसणाऱ्या जंगली अमेरिकन द्राक्षाचं मूळ खाली, आणि त्यावर हव्या त्या जातीचं कलम. आपल्या नाशिक-सांगलीच्या बागाईतदाराला हे वेगळं समजावून सांगायला नको. तो डॉगरिजच्या खुंटावर कलम करतो, ते क्षार आणि पाण्याचा ताण सोसावा म्हणून. डॉगरिजही मूळचा अमेरिकेचाच.

नाशिकशी नातं आणखीही आहे. राजीव सामंत यांनी नाशिकजवळ सुला वाइनरी उभी केली, तेव्हा वाइन करण्याचं तंत्र शिकवायला आले ते सोनोमाचेच वाइनतज्ज्ञ केरी डॅमस्की. सुलाची पहिली वाइन २००० साली बाजारात आली.

[दृश्य : बोडेगा हेड. कड्याजवळ पाण्याने भरलेला गोल खड्डा.]

१९२० ते १९३३ ही दारूबंदीची वर्षं. बऱ्याच वाइनरी बुडाल्या. जिल्हा तगला तो सफरचंदं, आलुबुखार आणि पेटालुमाच्या कोंबड्यांच्या अंड्यांवर.

बोडेगा हेडच्या या खड्ड्यापाशी मात्र थोडं थांबू. इथे अणुवीज प्रकल्प होणार होता. सॅन अँड्रियास भ्रंश, म्हणजे भूकंप घडवणारी जमिनीतली मोठी भेग, इथून अगदी जवळ. भूकंपाने १९०६ मध्ये सांता रोझा शहर जमीनदोस्त केलं होतं, ते लोक विसरले नव्हते. दूधवाले, मच्छीमार, विद्यार्थी, जमीनमालक एकत्र आले. १९६३ मध्ये त्यांनी या टोकावरून शेकडो फुगे सोडले; किरणोत्सर्ग वाऱ्यावर कुठवर जाईल, ते लोकांना दिसावं म्हणून. खोदलेल्या खड्ड्यातच भूगर्भातली फट सापडली आणि १९६४ मध्ये वीज कंपनीने प्रकल्प सोडून दिला. सोनोमाचा स्वभाव मला कुठल्याही वाइनच्या पेल्यापेक्षा या खड्ड्यात जास्त दिसतो.

[दृश्य : रात्र. बागेत डोक्याला दिवे बांधलेले मजूर.]

काढणी ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत चालते, आणि ती बरीचशी रात्री. थंडीत मणी घट्ट राहतात. एका हाताने घड धरायचा, दुसऱ्या हातातल्या आकडीसारख्या सुरीने देठ कापायचा, पाटी भरली की ट्रॅक्टरकडे धावायचं. हे हात बहुतेक मेक्सिकोतून आलेल्या कुटुंबांचे आहेत. ऑक्टोबर २०१७ मध्ये टब्स वणव्याने सांता रोझाची वस्तीच्या वस्ती एका रात्रीत जाळली, २२ माणसं गेली. तेव्हा हवेत धूर भरलेला असतानाही उरलेली द्राक्षं काढायला हीच माणसं बागेत उभी होती.

[दृश्य : फोर्ट रॉसच्या उत्तरेचा किनारा, ओहोटी.]

काशाया लोक कुठे गेले नाहीत. त्यांच्या वाट्याला आली ती डोंगरातली छोटी राखीव जमीन. समुद्राकडची वाट खासगी मालकीत अडकली. २०१५ मध्ये किनाऱ्यालगतची सुमारे ७०० एकर जमीन त्यांना परत मिळाली. आता ओहोटीच्या वेळी आपल्या खडकांवर उतरायला त्यांना कुणा जमीनमालकाची परवानगी मागावी लागत नाही.